तिसऱ्या मजल्यावरून गाणं

बाळ पोटात होतं तेव्हा आमच्या घरात खिळा ठोकायला बंदी होती. कपाट सरकवायचं नाही, पलंगावर कात्री आणायची नाही आणि भिंतीला भोक पाडायचं तर नावच काढायचं नाही. कारण गर्भदेव. हा देव बाळ येईपर्यंत घरात मुक्कामाला असतो आणि रोज जागा बदलतो. आज चुलीपाशी, उद्या दारात, परवा पलंगाशेजारी. तो कुठे बसलाय ते पंचांगात छापलेलं असतं, आणि सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून आधी ते वाचायच्या, मग बातम्या लावायच्या. तो बसलाय तिथे धक्का लागला की इजा बाळाला, असं त्यांचं म्हणणं.

मी पडले इंजिनियर बाई. तैवानात, तैपेईतल्या एका कंपनीत घरगुती साठवणीचे डबे बनतात, ते तपासायचं माझं काम. डब्यात डिस्क फिरत असतात, डिस्कवर घरातली सगळी गाणी, सिनेमे, फोटो. डबा आपला एका कोपऱ्यात घुमत बसतो, आणि घरातला टीव्ही किंवा स्पीकर मागेल ते त्याला वायफायवरून पुरवतो. लग्न होऊन मी लुकांग गावात आले तेव्हा हुंडा नाही आणला, डबा आणला. घरात त्याला सगळे डबाच म्हणतात.

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी माझा जिना बंद केला. तिसऱ्या मजल्यावरची खोली, तिथला पलंग, फार तर बाथरूमपर्यंत चालायचं. माझ्या पायाला भिंगरी. दोन दिवसांत मी घरातल्या प्रत्येकाचं डोकं खाल्लं. नवऱ्याला, चिनहुंगला, तर कामावर जायची घाई व्हायला लागली.

"ह्या गर्भदेवाचा फोन नंबर द्या मला," मी सासूबाईंना एकदा म्हणाले. "मीच विचारते, पडदा जरा सरकवला तर चालेल का."

सासूबाईंनी सुपाचं भांडं ठेवलं आणि माझ्या डब्याकडे बोट केलं. डब्यावर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. आमच्याकडे ठेवतातच. ते ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं. आमच्या ऑफिसात पाकिटाशिवाय एक मशीन सापडणार नाही.

"आचिए, ते पाकीट कशाला?" त्यांनी विचारलं. माझं नाव युनचिए, पण त्या आचिएच म्हणतात.

"डबा नीट चालावा म्हणून."

"मुदत संपली की बदलतेस?"

"बदलते."

"मग तुझ्या मशीनला देव चालतो, आणि माझ्या नातवंडाला चालत नाही होय?"

मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसरं करणार काय.

सासऱ्यांनी मला नंतर शिवणयंत्राची गोष्ट सांगितली. सासरे अगरबत्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलतात कमी, पण बोलले की पोटातलं बोलतात. चिनहुंगनंतर सासूबाईंना पुन्हा दिवस गेले होते. शिवायला उजेड हवा म्हणून त्यांनी जड शिवणयंत्र एकटीने ढकलत खिडकीपाशी नेलं. त्याच आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, बाई, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांनी मान हलवली, घरी आल्या आणि यंत्र विकून टाकलं. त्यानंतर त्यांनी कधी साधं बटणही टाचलं नाही. हे ऐकल्यावर मी वाद घालणं सोडलं. कुरकुर चालू ठेवली, ती माझी सवय आहे.

तर मग गाण्याचं कसं सुरू झालं ते सांगते. सासूबाई भाजी धुताना गातात. तोंडातल्या तोंडात, पण सूर असा की नळसुद्धा हळू सोडावासा वाटतो. सासऱ्यांना हे लग्नाच्या आधीपासून माहीत. त्यांनी नोकरीतले पैसे साठवून तळमजल्यावर मोठा अँप्लिफायर, कमरेएवढे दोन स्पीकर, माईक आणि पेटीभर कराओकेच्या चकत्या आणल्या होत्या. चकत्या वाजवायचं यंत्र कधीच मेलं. त्या सगळ्या चकत्यांवरची गाणी मी मागच्या वर्षी डब्यात भरून ठेवली होती. पण डबा माझ्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत, कारण इंटरनेटची तार तिथून येते. आणि अँप्लिफायर तळमजल्यावर. मध्ये एक वायर टाकली असती की काम झालं असतं. वायरला भोक हवं. भोक म्हणजे गर्भदेव.

म्हटलं, ठीक आहे, हवेतून पाठवते. काडेपेटीएवढं एक यंत्र मागवलं, ते वायफायवरून गाणं पकडतं आणि खालच्या अँप्लिफायरला आणि टीव्हीला देतं. जोडायचं सासऱ्यांनी. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून ओरडतेय, "बाबा, लाल वायर लाल भोकात," आणि ते खालून ओरडतायत, "इथे सगळंच लाल दिसतंय." याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. शेवटी एकदाचं झालं. मी फोनवर गाणं निवडलं, कुठे पाठवायचं ती यादी उघडली, "बैठकीची खोली" दिसलं, बोट टेकवलं.

खाली चिडीचूप. आणि शेजारच्या घरातून ढोल, सनई आणि काहीतरी फुटल्याचा आवाज.

शेजारची किमचू आमचंच वायफाय वापरते. तिच्या टीव्हीचं नावही "बैठकीची खोली". बाई बिचारी मालिका बघत बसली होती, नायिका विष पिणार तेवढ्यात पडद्यावर बंदर आलं, बोटी आल्या, आणि खाली गाण्याचे बोल पळायला लागले. ती आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"युएताओ," ती सासूबाईंना म्हणाली, "तुझी सून माझ्या टीव्हीत शिरलीय."

"शिरली तर शिरली, काही चांगलं तरी लागलं तुझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी मी नीट बघून बोट टेकवलं. आणि आमच्या तळमजल्यावर सुरुवातीची सनई अशी उसळली की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. सासरे खालून हाका मारायला लागले, "आलं गं, आलं, चित्र पण आलं." मी वर एकटीच टाळ्या वाजवत होते. कंपनीत असे डबे मी रोज पन्नास तपासले असतील, पण असा आनंद तिथे कधी झाला नव्हता. कारण मग माईकवर सासूबाईंचा आवाज आला. पहिल्यांदाच मोठ्याने. मी टाळ्या थांबवल्या आणि ऐकत बसले.

गाणं होतं "ओला दोर". बंदरावर बोटीचा दोर धरून उभ्या राहिलेल्या बाईचं गाणं, खूप जुनं. दुसऱ्या ओळीला वर जाताना त्यांचा आवाज चिरकला. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली, "आचिए, तुझ्या त्या यंत्रात हे खाली नाही का करता येत?"

करता येतं. मी साथीची अर्धी पट्टी उतरवली. मग आणखी अर्धी. मग त्यांना तिसऱ्या ओळीआधी दम घ्यायला वेळ कमी पडतो असं जाणवलं, म्हणून मी साथीचे तुकडे केले. एक तुकडा संपला की मी वर बसून त्यांच्या श्वासाचा अंदाज घ्यायची आणि पुढचा तुकडा सोडायची. काही दिवसांत इतकं जमलं की त्या श्वास घ्यायच्या आणि माझं बोट आपोआप टेकायचं. रोज दुपारी हाच धंदा. त्या खालून, "अंमळ थांब," "आता सोड," "झोपलीस का?" आणि मी वर पलंगावर लोळत पडलेली वादक मंडळी. मला पलंगाचा राग यायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबसुद्धा सुधारलाय.

समुद्राची देवी मात्सू, तिच्या वाढदिवसाला आमच्या गल्लीच्या टोकाला, देवळासमोरच्या चौकात, दरवर्षी गाण्याची स्पर्धा असते. किमचू दोनदा जिंकलेली. एकदा दारात उभी राहून म्हणाली, "घरात काय, सगळेच गातात." ती गेली आणि सासूबाई भात वाढता वाढता थांबल्या.

"लग्नाआधी वडील नाही म्हणाले," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर सासू नाही म्हणाली. चारचौघांत तोंड उघडायचं नाही. सासू जाऊन वीस वर्षं झाली. आता नाही म्हणणारं कोणी उरलं नाही तर माझे पाय लटपटतात. याला काय म्हणावं?"

ही गोष्ट त्यांनी सासऱ्यांना सांगितली. मला सासऱ्यांनी सांगितली. मी त्याच मिनिटाला फोनवरून त्यांचं नाव नोंदवलं आणि मग वरून हाक मारून कळवलं. तासभर कोणी वर आलं नाही. मग त्या आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी गाईन. पण साथ तू करायचीस."

"आई, मी जिना उतरू शकत नाही."

"उतरू नकोसच. इथूनच कर. मला माहीत पाहिजे की वर तू आहेस, मी श्वास घेतला की तू थांबशील. नाहीतर मी नाही चढणार, आत्ताच सांगते."

म्हणजे त्यांचं स्टेजवर चढणं आता माझ्या बोटावर आलं. चिनहुंग म्हणाला, "एका गाण्यासाठी एवढा उपद्व्याप? छोट्या पेनड्राइव्हवर घालून देतो ना." मी त्याला असं फाडून खाल्लं की तो गप्प स्टेजवाल्याला भेटायला गेला. ठरलं असं: चिनहुंग स्टेजपाशी टॅबलेट घेऊन बसेल, टॅबलेट घरच्या डब्यातून गाणं ओढेल आणि स्टेजच्या स्पीकरना देईल. दुसऱ्या फोनवर तो मला चौकातला आवाज ऐकवत राहील. मी पलंगावरून तुकडे सोडेन. आदल्या दिवशी आम्ही करून पाहिलं. चौकात सनई उसळली, कबुतरं उडाली, स्टेजवाला म्हणाला, बाईंचा बँड मोठा दिसतोय. मला तर रात्रभर झोप लागली नाही.

म्हणूनच स्पर्धेच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर माझा डोळा लागला.

उठले तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई केव्हाच देवळात गेल्या होत्या. माझ्यावर पातळ चादर घातलेली, उशाशी गरम पाण्याचा थर्मास. सासरे माझ्या सोबतीला दारातल्या खुर्चीवर. फोन वाजला, चिनहुंग.

"किमचू काकू गातायत. त्यांच्यानंतर आई. सनई तयार ठेव."

मागे किमचूचा आवाज ऐकू येत होता. बाई गाते चांगलं, खोटं कशाला बोलू. मी फोनवर डबा उघडला. यादी रिकामी. पुन्हा उघडला. रिकामी. मग लक्षात आलं की खोली फार शांत आहे. डब्याची घूं घूं नाही. वाकून फटीत पाहिलं तर दिवे विझलेले, वायर कपाटामागे गेलेली, आणि वायरचं टोक कुठेच दिसत नाही.

मी ओरडलेच.

"बाबा, डबा कोणी बंद केला?"

सासरे फटीपाशी आले, पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला उत्तर मिळालं. "मी नाही," ते म्हणाले. "पण जाताना ती सांगून गेली, आज पंचांगात तो इथे आहे. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये."

"कोण इथे आहे?"

"गर्भदेव."

मला आधी कळेना, मग लख्ख कळलं. डबा थरथरतो. हात ठेवला तर जाणवतं. आणि ज्या दिवशी गर्भदेव त्या फटीत येऊन बसलाय, त्या दिवशी त्याच्या कुशीत एक थरथरणारी वस्तू, माझ्या पोटापासून हातभर अंतरावर. सासूबाईंनी मला झोप लागल्याची खात्री केली असणार, चादर घातली असणार, आणि हळूच वायर ओढून प्लग काढला असणार. प्लग सुटून कपाटामागे पडला. गाणं डब्यात असतं हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी नेहमी फोनवर बोट टेकवते, म्हणजे गाणं फोनमध्ये. बाईंनी आपल्या हाताने आपलं गाणं उपटलं होतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

"कपाट ओढा, बाबा," मी म्हणाले. "वीतभर. प्लग लावला की डबा थोड्या वेळात जागा होतो. किमचूचं गाणं लांब आहे, होईल."

सासरे हलले नाहीत. "तिला विचारल्याशिवाय नाही."

"बाबा, वेळ नाही."

"म्हणून तर आत्ताच विचार, फोन चालूच आहे."

मी चिनहुंगला म्हटलं, फोन आईंना दे. तिकडे त्यांचा आवाज आला, घाबरलेला आणि खूश. "आचिए, इथे खुर्च्या भरल्यात गं. मी केसाला फूल लावलंय."

"आई, तुम्ही डब्याचा प्लग काढलात?"

"काढला. किती थरथरत होतं ते. आज तो तिथे बसलाय, म्हटलं एक दिवस राहू दे बंद. तुला त्रास झाला का? पोटात दुखतंय?"

"आई, तुमचं गाणं त्या डब्यात आहे."

 किमचू शेवटचं कडवं गात होती.

"कपाट वीतभर सरकवलं की प्लग लागेल," मी म्हणाले. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"हात लावायचा नाही." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "ऐकतेयस ना? कपाटाला कोणी हात लावायचा नाही. मी घरी येते. गाणं काय, गाणं राहिलं. साठ वर्षं राहिलं, आणखी राहील."

मी फोन उशीवर टाकला आणि पाय खाली सोडले. मला राग आला होता, त्यांचा, पंचांगाचा, माझ्या झोपेचा. कपाट एवढं काही जड नाही. मी कडेला हात घातला. सासरे "पोरी" एवढंच म्हणाले, अडवलं नाही.

आणि मला शिवणयंत्र आठवलं. मी ह्यातलं काही मानत नाही. पण बाळ यायला अजून वेळ होता, आणि सगळं ठीक होईल असं डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगत नव्हते. काही कमीजास्त झालं असतं तर ही बाई मला एक शब्द बोलली नसती. आयुष्यभर स्वतःला म्हणत राहिली असती, माझ्या गाण्यापायी. एकदा उजेडापायी झालं, आता गाण्यापायी. मी हात काढला आणि परत पलंगावर बसले.

फोन उचलला. चौकात टाळ्या वाजत होत्या, किमचूचं संपलं होतं.

"चिनहुंग, आईंना जाऊ देऊ नकोस. ते गाणं दुसरीकडे कुठे आहे का?"

"शोधतोय. स्टेजवाल्याकडे नाही. इंटरनेटवर आहे, पण त्यात मूळ गायिका गातेय, आणि पट्टी आभाळाला."

"मग राहू दे. फोन आईंच्या कानाला लाव." लावला. "आई, कपाट जागेवर आहे. शप्पथ. कोणी सरकवलं नाही, सरकवणार नाही. तुम्ही चढा. साथ मी करते."

"कशाने करतेस? डबा तर बंद."

"तोंडाने."

"तुझं तोंड?" त्या म्हणाल्या. "आचिए, तुला सूर कशाशी खातात ते माहीत नाही."

"सूर तुम्ही बघा. सनई मला पाठ आहे, कुठे थांबायचं ते पाठ आहे. तुम्हीच म्हणालात ना, वर मी आहे एवढं माहीत पाहिजे. मी आहे."

पलीकडे निवेदक नाव पुकारत होता. शी युएताओ. एकदा, दुसऱ्यांदा. मग जड पावलांचा लाकडावर आवाज, टक, टक, आणि माईकमध्ये श्वास. चिनहुंगने फोन माईकला टेकवला असावा, कारण माझाच श्वास मला चौकभर घुमून परत ऐकू आला.

मी डोळे मिटले आणि सनई सुरू केली. "तँऽ तँतँ तीऽऽ." बेसूर म्हणजे किती बेसूर. चौकात आधी एक माणूस हसला, मग दहा, मग सगळेच. माझे कान लाल झाले, पण मी सोडलं नाही. शेजारी सासऱ्यांनी थर्मासचं झाकण खुर्चीच्या हातावर आपटत ठेका धरला, आणि तो पक्का होता, त्यांनी जन्मभर अगरबत्तीच्या काड्या तालात बडवल्यात. सनई संपली. इथे त्यांचा श्वास येतो. मी थांबले.

आला श्वास. आणि मग आवाज.

आमच्या जिन्यातून मी तो रोज ऐकला होता. पण चौक मोकळा होता, आणि त्या आवाजाला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. साथ नव्हती तर तो आणखी मोठा झाला. हसणं पहिल्या ओळीतच विरलं. फोनवरून माझा आवाज उशिरा पोचतो, म्हणून त्या गात असताना मी तोंड बंद ठेवलं आणि दोन्ही मुठी आवळून बसले. दुसऱ्या ओळीला वर जायचं होतं. गेल्या. सहज गेल्या. सासऱ्यांनी झाकण वाजवायचं सोडून दिलं होतं.

कडवं संपलं, मधला तुकडा आला. मी सुरू केलं, "तीऽ तँतँ," आणि अर्ध्यात थांबले. काही केल्या आवाज फुटेना. आता सगळं बोंबललं असं वाटलं, तर चौकातून कोणीतरी तो तुकडा उचलला. जुनं गाणं, सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ. एक बाई गुणगुणायला लागली, मग पुढची रांग, मग अख्खा चौक, आणि टाळीचा ठेका. टाळी किमचूने धरली होती, हे चिनहुंगने नंतर सांगितलं. बाई जिभेने तिखट आहे, पण तालाला सच्ची आहे. सासूबाई त्या गुणगुणण्यावर स्वार होऊन दुसऱ्या कडव्यात शिरल्या आणि शेवटपर्यंत गेल्या. तिसऱ्या ओळीआधी त्यांनी दम घेतला तेव्हा सगळा चौक त्यांच्यासाठी थांबला.

मग जो गलका झाला तो फोनमध्ये मावेना. मी पलंगावर बसल्या बसल्या ओरडत होते, सासरे झाकण घेऊन उगाच दारापर्यंत जात होते आणि परत येत होते. निवेदक म्हणत होता, "ताई, अशी साथ आम्ही बापजन्मात ऐकली नाही. हे कुठलं मशीन?"

"मशीन नाही," सासूबाई म्हणाल्या. माईकवर, सगळ्यांसमोर. "माझी सून आहे. वर, तिसऱ्या मजल्यावर." मग त्या फोनकडे वळल्या असाव्यात, कारण आवाज एकदम जवळ आला. माईक चालू आहे हे त्या विसरल्याच होत्या. "आचिए, कपाट नाही ना सरकवलंस?"

 त्या चारशे माणसांना कपाटाचं काय कळणार होतं. पण सगळे माझं उत्तर ऐकायला थांबले होते.

"नाही, आई. जिथल्या तिथे आहे."

"बाळ?"

"तेही जिथल्या तिथे."

 फोनवर चिनहुंग हळूच म्हणाला, "आई रडतेय गं."

"कळतंय," मी म्हणाले. "मीही तेच करतेय. फोन ठेव आणि त्यांना घरी घेऊन ये."